वायरलेस माउस, कीबोर्ड आणि ब्लूटूथ हेडफोन : एकत्र वापरताना येणाऱ्या अडचणी

मंडळाच्या गायनवर्गापासून परगावच्या नातवंडांशी होणाऱ्या व्हिडिओ कॉलपर्यंत बरेच काही आता घरोघरी लॅपटॉपवर चालते, आणि लॅपटॉपभोवतीच्या वायरी जवळपास नाहीशा झाल्या आहेत. माउस वायरलेस, कीबोर्ड वायरलेस, कानाला ब्लूटूथ हेडफोन. यांतली प्रत्येक वस्तू एकेकटी नीट चालते. एकत्र आल्या की तक्रारी सुरू होतात. व्याख्यान ऐकताना आवाज तुटतो, माउसचा बाण अडखळत सरकतो, आपला माइक चालू केला की समोरची पेटी पत्र्याच्या डब्यातून वाजल्यासारखी ऐकू येते. मग हेडफोनच खराब आहे असे ठरवून नवा आणला जातो आणि चार दिवसांनी तोही तसेच करू लागतो.

बहुतेक वेळा यांतली कोणतीच वस्तू बिघडलेली नसते. त्रासाची कारणे तीन असतात : हवेतली लहरींची गर्दी, हेडफोनच्या माइकमुळे बदलणारी आवाजाची पद्धत, आणि हेडफोनने परस्पर दुसऱ्या उपकरणाशी जोडले जाणे. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि बहुतेक फुकटचे आहेत.

आधी दुखणे ओळखावे

आवाज कसा बिघडतो याकडे पाच मिनिटे लक्ष दिले तरी पुष्कळ उलगडा होतो. आवाज चांगला आहे पण मधूनमधून तुकडे पडतात, त्याच वेळी माउसही अडखळतो, असे असेल तर हवेतल्या गर्दीचा संशय घ्यावा. आवाज अखंड येतो पण एकाएकी पातळ, सपाट आणि जुन्या टेलिफोनसारखा झाला, तर कारण माइक. आवाज अजिबात बंद पडून थोड्या वेळाने परत आला, किंवा हेडफोन सोडून लॅपटॉपच्या स्पीकरमधून येऊ लागला, तर हेडफोन दुसरीकडे गेला होता.

याच्याही आधी इंटरनेटला वेगळे काढावे. लॅपटॉपवर साठवलेले एखादे गाणे इंटरनेट बंद करून हेडफोनवर ऐकावे. ते सलग वाजले, तर दोष नेटच्या जोडणीत असू शकतो किंवा वाय-फाय आणि ब्लूटूथ यांच्या आपसांतल्या ओढाताणीत. वाय-फाय बंद असतानाही आवाज तुटला, तर वाय-फाय निर्दोष आहे. मग माउसचे डोंगल काढून टचपॅडवर काम चालवून पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. घाईघाईने डोंगल हलवले, राउटर बंद-चालू केला आणि हेडफोन पुन्हा पेअर केला, तर त्रास जातो खरा, पण कशाने गेला ते कळत नाही आणि पुढच्या गुरुवारी तो परत आला की सगळे पुन्हा पहिल्यापासून.

हवेतली गर्दी

वायरलेस माउसचे डोंगल, ब्लूटूथ हेडफोन, ब्लूटूथ कीबोर्ड, वाय-फायचा जुना पट्टा, शेजारच्या घरातले राउटर, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह, ही सगळी मंडळी २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात वावरतात. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढीच ही जागा, आणि ती वापरायला परवाना लागत नाही म्हणून सगळे तिथेच आले. नेहमीचे ब्लूटूथ या जागेचे ७९ अरुंद पट्टे पाडते आणि सेकंदाला १६०० वेळा एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर उडी मारते. २००३ च्या १.२ आवृत्तीपासून त्याला आणखी एक शहाणपण आले : जे पट्टे गजबजलेले आहेत ते ओळखून टाळायचे. म्हणूनच एवढ्या गर्दीतही एरवी सगळे सुरळीत चालते.

अडचण येते ती टाळायला जागाच उरत नाही तेव्हा. वाय-फायची एक वाहिनी साधारण २० मेगाहर्ट्झ रुंद असते आणि काही राउटर ४० मेगाहर्ट्झ वापरतात, म्हणजे निम्मा रस्ता एकट्याने अडवतात. फ्लॅटच्या इमारतीत आजूबाजूला असे पाच-सहा राउटर सहज असतात. शिवाय लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच कार्डावर असतात आणि अँटेनाही वाटून घेतात. वाय-फाय २.४ वर मोठी फाइल ओढत असेल, तर त्याच अँटेनावर हेडफोनला आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते.

म्हणून पहिला उपाय लॅपटॉपचे वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेण्याचा. बहुतेक नव्या राउटरना दोन्ही पट्टे असतात. काही ठिकाणी दोन वेगळी नावे दिसतात, त्यांतले ५ असलेले निवडावे. दोन्हींचे नाव एकच असेल, तर विंडोजमध्ये जोडलेल्या वाय-फायच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'नेटवर्क बँड' पाहावा, मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वरच्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करावे. मात्र ५ गिगाहर्ट्झची लहर भिंतींना लवकर हार मानते. इंदूर-ग्वाल्हेरच्या जुन्या वाड्यांत दीड-दीड फुटांच्या भिंती असतात. तिथे राउटर दिवाणखान्यात आणि लॅपटॉप माजघरात असेल, तर ५ चा पट्टा मिळूनही उपयोग होत नाही. अशा घरात राउटरपासून लॅपटॉपपर्यंत सरळ नेटची केबल टाकणे सगळ्यांत उत्तम. लॅपटॉपचे वाय-फाय मग बंदच ठेवता येते आणि ब्लूटूथला अँटेना मोकळा मिळतो.

दुसरे कारण फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही, ते यूएसबी ३ चे. पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क किंवा स्वस्तातला टाइप-सी हब यूएसबी ३ च्या वेगाने काम करू लागला की त्याच्या पोर्टभोवती आणि केबलभोवती विद्युत गोंगाट पसरतो, आणि तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच असतो. इंटेल कंपनीने २०१२ मध्येच यावर टिपण प्रसिद्ध केले होते. मंडळाच्या जुन्या नाट्यप्रयोगांच्या चित्रफिती हार्ड डिस्कवर उतरवत असताना शेजारच्या पोर्टातल्या डोंगलचा माउस झटके देऊ लागला, किंवा कानातला आवाज खरखरला, तर हेच घडते आहे. प्रत काढून झाली की त्रास आपोआप थांबतो, त्यामुळे दोष कोणाचा हे कळतही नाही.

उपाय सोपा आहे. डोंगल हार्ड डिस्कच्या विरुद्ध बाजूच्या पोर्टात लावावे. सगळे पोर्ट एकाच बाजूला असतील, तर हात-दीड हाताची साधी यूएसबी २ ची एक्स्टेंशन केबल घेऊन डोंगल तिच्या टोकाला, माउसच्या जवळ आणावे. पोर्टाच्या आत निळे प्लास्टिक दिसले तर तो सहसा यूएसबी ३ चा असतो. माउसच्या डोंगलला तेवढ्या वेगाची गरज नाही, काळा पोर्ट पुरतो.

ज्यांच्याकडे मोठा संगणक आहे त्यांनी सीपीयूची मागची बाजू एकदा पाहावी. मदरबोर्डवरच वाय-फाय आणि ब्लूटूथ असेल, तर मागे दोन सोनेरी आटे असतात आणि त्यांवर बसवायच्या दोन अँटेना वेगळ्या पिशवीत येतात. संगणक जोडणारा माणूस वाय-फाय लागत नाही म्हणून त्या पिशवीला हातही लावत नाही. अँटेना नसतील तर ब्लूटूथ हात-दोन हात अंतरापर्यंतच कसेबसे पोचते, आणि हेडफोन लावून मान वळवली तरी आवाज तुटतो. ती पिशवी बहुधा खोक्यातच असते. अँटेना आहेत, पण सीपीयू लोखंडी टेबलाखाली कोपऱ्यात असेल, तरीही तेच. या लहरी लोखंडातून जात नाहीत आणि माणसाच्या शरीरात बऱ्याच शोषल्या जातात. मोबाइल मागच्या खिशात ठेवून चालताना हेडफोनचा आवाज एखाद्या वेळी तुटतो तो यामुळेच.

माउस डोंगलचा घ्यावा की ब्लूटूथचा, असा प्रश्न नेहमी येतो. कानात ब्लूटूथ हेडफोन असणार असेल, तर माझे मत डोंगलच्या बाजूने आहे. ब्लूटूथ माउस, ब्लूटूथ कीबोर्ड आणि हेडफोन या तिघांना लॅपटॉपच्या एकाच रेडिओवर पाळी लावावी लागते. त्यांतला एक काढून वेगळ्या डोंगलवर दिला तर तेवढा भार हलका होतो. आणि टेबलावरून न हलणाऱ्या संगणकाला वायरचा माउस लावण्यात काही कमीपणा नाही.

माइक चालू केला की आवाज का बिघडतो

ही तक्रार सगळ्यांत जास्त येते आणि तिचा माउसशी काही संबंध नसतो. गाणे ऐकताना हेडफोन उत्तम वाजतो. झूम उघडले की तोच हेडफोन टेलिफोन होतो.

नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज नेण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. एक ऐकण्यासाठीची. तिच्यात आवाज एकाच दिशेने जातो, संगणकाकडून कानाकडे. दोन्ही कानांना वेगळा, भरपूर तपशिलाचा आवाज मिळतो. दुसरी बोलण्यासाठीची, मूळची गाडीत हात न लावता फोन घेता यावा म्हणून केलेली. तिच्यात आवाज जातो आणि येतोही, म्हणून दोन्ही दिशांना जागा कमी मिळते. जुन्या प्रकारात आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात, सुधारित प्रकारात १६०००. नमुन्यांच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच आवाज पोचू शकतो, म्हणजे पहिल्यात फार तर ४००० हर्ट्झ आणि दुसऱ्यात ८०००. माणसाचा कान तरुणपणी २०००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. तबल्याच्या चाटेवरचा 'ना', पेटीच्या सुरातली चमक, 'स' आणि 'श' यांतला फरक, हे सगळे बरेचसे वरच्या भागात असते. ते गाळले जाते आणि दोन्ही कानांना एकच आवाज येतो.

दोन्ही पद्धती एकाच वेळी चालत नाहीत. एखाद्या प्रोग्रामने हेडफोनचा माइक मागितला की संगणक लगेच दुसऱ्या पद्धतीवर जातो. आपण झूममध्ये स्वतःला म्यूट केले तरी माइक ताब्यात राहतो, म्हणून म्यूट करूनही आवाज सुधारत नाही. महागडा हेडफोन घेतल्यानेही हे टळत नाही.

मग करायचे काय? ऐकण्यासाठी हेडफोन ठेवावा आणि बोलण्यासाठी दुसरा माइक निवडावा. लॅपटॉपचा स्वतःचा माइक घरगुती बोलण्याला पुष्कळ असतो. झूममध्ये माइकच्या चित्राशेजारी वर टोक असलेला छोटा बाण असतो. त्यावर क्लिक केले की माइक आणि स्पीकर यांच्या दोन वेगळ्या याद्या दिसतात. माइकच्या यादीत लॅपटॉपचा माइक, स्पीकरच्या यादीत हेडफोन. एवढे केले की आवाज दोन-तीन सेकंदांत खुलतो. सगळ्या प्रोग्रामसाठी कायमचे करायचे असेल, तर विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'साउंड' असे जाऊन 'इनपुट'खाली लॅपटॉपचा माइक निवडावा. मॅकवरही 'सिस्टीम सेटिंग्ज'मधल्या 'साउंड'मध्ये 'इनपुट' आहे. मोठ्या संगणकाला स्वतःचा माइक नसतो, तिथे यूएसबीचा साधा माइक किंवा वेबकॅमचा माइक चालतो.

विंडोज १० मध्ये एकच हेडफोन यादीत दोनदा दिसतो, एकदा 'हेडफोन्स' आणि एकदा 'हेडसेट' किंवा 'हँड्स-फ्री' या नावाने. आवाज ऐकण्यासाठी पहिला निवडायचा. दुसरा सारखा मध्ये येत असेल, तर कंट्रोल पॅनेलच्या 'डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स'मध्ये हेडफोनवर उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधल्या 'सर्व्हिसेस' पानावर 'हँड्सफ्री टेलिफोनी'ची खूण काढता येते. त्यानंतर त्या संगणकावर हेडफोनचा माइक चालणार नाही, फोनवर मात्र पूर्वीसारखाच चालेल.

याच्याशी मिळतीजुळती आणखी एक गोष्ट. कॉल सुरू झाला की विंडोज इतर आवाज आपण होऊन ८० टक्क्यांनी खाली आणते. तानपुऱ्याचे ॲप किंवा तबल्याचा लेहरा संगणकावरच लावून कोणी वर्गात बसले की तो अचानक कुजबुजल्यासारखा होतो आणि हेडफोनवर आळ येतो. जुन्या 'साउंड' खिडकीतल्या 'कम्युनिकेशन्स' पानावर 'डू नथिंग' निवडले की हे थांबते.

एलई ऑडिओ ही नवी पद्धत हा सगळा तिढा मुळातून सोडवते. तिच्यात बोलताना-ऐकताना आवाजाचा दर्जा एवढा घसरत नाही. पण हेडफोन, लॅपटॉप आणि त्यातली प्रणाली या तिघांनीही तिला साथ द्यावी लागते. खोक्यावर ब्लूटूथ ५.२ किंवा ५.३ छापले आहे म्हणून ती सोय आहेच असे समजू नये. 'एलई ऑडिओ' हे शब्द स्पष्ट लिहिलेले असतील तरच विचार करावा.

गाण्याच्या वर्गासाठी वेगळी काळजी

गाणे शिकणाऱ्यांना आणखी दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे गोंगाट काढून टाकण्याची सोय. ती हेडफोनच्या माइकमध्येही असते आणि झूममध्येही. पंख्यासारखा एकसारखा चालणारा आवाज ओळखून ती कापते. तानपुरा तिच्या दृष्टीने पंखाच. म्हणून गुरुजींना विद्यार्थ्याचा सूर ऐकू येतो पण तानपुरा येत-जात राहतो, आणि लांबवलेला 'सा' मध्येच विरतो. विद्यार्थ्याचा दम कमी पडतो असा समज होतो, आणि लहान मुलांच्या बाबतीत तो अन्यायच ठरतो. झूमच्या 'ऑडिओ' सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' हा पर्याय निवडावा आणि वर्ग सुरू झाल्यावर वरच्या कोपऱ्यातले त्याचे बटण चालू आहे ना हे पाहावे. त्यातला प्रतिध्वनी काढण्याचा भाग बंद करायचा असेल, तर दोन्हीकडे हेडफोन हवेच, नाही तर आवाज गरगरत परत येतो.

दुसरी अडचण उशिराची. नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज कानापर्यंत यायला साधारण दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद लागतात. सिनेमा पाहताना प्रोग्राम चित्र तेवढे मागे ठेवून हे सांभाळून घेतात. तालात सांभाळता येत नाही. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. दोनशेचा उशीर म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा. लय दुप्पट केली की मात्राच २५० ची होते आणि समच चुकते. घरी लेहऱ्यावर रियाज करणाऱ्याने वायरचा इअरफोन वापरावा, याला दुसरा उपाय नाही. वर्गात दोघांनी एकत्र वाजवणे मात्र वायर असूनही जमत नाही, कारण तिथे इंटरनेटचा उशीर वेगळा मिळतो. गुरुजींनी वाजवावे, विद्यार्थ्याने माइक बंद ठेवून त्यावर म्हणावे आणि मग एकट्याने म्हणून दाखवावे, हीच रीत चालते.

हेडफोन परस्पर दुसरीकडे जातो तेव्हा

बऱ्याच नव्या हेडफोनना एकाच वेळी दोन उपकरणांशी जोडून राहता येते. सोय चांगली आहे, पण लॅपटॉपवर प्रवचन चालू असताना खिशातल्या मोबाइलवर व्हॉट्सॲपचा टुणकन आवाज झाला की हेडफोन तिकडे धावतो आणि इकडचे दोन-तीन शब्द जातात. घरच्या गटांत सकाळी शुभेच्छांचा पाऊस पडत असताना तर आवाज सारखाच तुटतो, आणि तो गर्दीमुळे तुटल्यासारखा वाटतो. खात्री करायला मोबाइलचे ब्लूटूथ दहा मिनिटे बंद ठेवावे. त्रास थांबला तर हेडफोनच्या ॲपमध्ये दोन उपकरणांची जोडणी बंद करावी, किंवा मोबाइलच्या सूचनांचे आवाज तरी बंद ठेवावेत.

ॲपलच्या घरात हेच आपोआप होते. आयफोन, आयपॅड आणि मॅक एकाच खात्यावर असले की एअरपॉड्स जिथे काही वाजेल तिथे जातात. आजींनी आयपॅडवर कीर्तन लावले की नातवाच्या मॅकवरचा वर्ग मुका होतो, तो यामुळे. मॅकच्या ब्लूटूथ यादीत एअरपॉड्सच्या तपशिलात 'कनेक्ट टू धिस मॅक'समोर 'ऑटोमॅटिकली'ऐवजी 'व्हेन लास्ट कनेक्टेड'चा पर्याय निवडावा, आणि आयपॅडवरही तसेच करावे.

काही वेळा मात्र त्रास वीज वाचवण्याच्या सोयीचा असतो. काही मिनिटे हात न लावल्यावर माउस क्षणभर मेल्यासारखा वाटतो आणि हेडफोन वाक्याचा पहिला शब्द गिळतो. विंडोजच्या 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये ब्लूटूथच्या यादीतल्या अडॅप्टरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' पान असेल, तर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढावी. हे पान प्रत्येक लॅपटॉपवर असतेच असे नाही.

इतके करूनही जुळले नाही, तर हेडफोनची जोडणी लॅपटॉपच्या यादीतून पूर्ण काढून टाकून, दोन्ही बंद करून पुन्हा पेअर करावे. मात्र त्याआधी माउसचा सेल बदलून पाहावा. सेल उतरला की माउस अगदी गर्दीत सापडल्यासारखाच वागतो.